दिव्यानीचं हसू

नागपूर

तीर्थरूप मायले प्रवीणचा नमस्कार,

फोनवर तुले नीट ऐकू येत नाई म्हणून लिहून राह्यलो. शेजारच्या रंजीताकडून वाचून घेजो.

इथं दवाखान्यात तुही सून आता बरी आहे. काल तिनं स्वतःच्या हातानं भात खाल्ला, ठसका लागला नाई.

तू म्हणे ना, दिव्यानी तोंड पाडून राह्यते? तो राग नव्हता, माय. रोगाशी लढणारे रक्तातले शिपाई तिच्याच अंगावर उलटले होते. म्हणून तिच्या पापण्या पडत, ओठ हलत नव्हते, घास गिळता येत नव्हता, आवाजही नीट फुटत नव्हता.

रक्त गाळणारी मशीन मी डोळ्यानं पाह्यली. एका नळीनं तिचं रक्त बाहेर आलं. मशीननं त्यातलं पिवळं पाणी वेगळं करून गाळलं, वाईट तेवढं अडवलं, अन् तिचं रक्त तिलेच वापस दिलं. माहे हात आपोआप जोडले गेले.

आज डॉक्टरबाई म्हणाल्या, "हसून दाखवा."

"उगीच कशाले हसू?" दिव्यानी म्हणाली.

मी म्हटलं, "माह्या तोंडाकडं पाह्य."

अन् ती हसली, माय! मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

गोळ्या बरेच दिवस चालतील. पुन्हा गाळावं लागलं तर तेव्हा पाहू, तू घोर करू नको. धानाचे रोवणे झाले काय? गुडघा कसा आहे?

तू बांबूच्या कोवळ्या वास्त्याची भाजी कशी करते, ते दिव्यानी शेजारच्या खाटेवरच्या बाईले सांगून राह्यली. मी लिहिणं थांबवून तिचा आवाज ऐकून राह्यलो.

तुहा,
प्रवीण