सोयऱ्यांच्या घरी अळणी जेवण्याचा दाखला

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
सरकारी दवाखाना,
तालुका मावळ, जिल्हा पुणे.

अर्जदार: भिमाजी सखाराम पडवळ, वय ६१, धंदा भातशेती, रा. कार्ले.

विषय: सोयऱ्यांच्या घरी मीठ न खाणे हा माज नसून आजार आहे, असा सही-शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या दवाखान्याच्या भिंतीवरील ‘मीठ कमी खा’ हा फलक.
२) त्याच फलकाखाली बसणाऱ्या कारकून साहेबांचे तोंडी उत्तर.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदारास बऱ्याच वर्षांपासून रक्तदाबाचा विकार आहे. ‘काही दुखत नाही, तर गोळी कशाला’ या गावात सर्वमान्य असलेल्या नियमाचे अर्जदाराने सुरुवातीला काटेकोर पालन केले. त्याचे फळ म्हणून अर्जदाराची दोन्ही मूत्रपिंडे मिळून आता निम्म्याहून कमी काम करतात. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी समजावले की, दाब वाढला की मूत्रपिंड बिघडते आणि मूत्रपिंड बिघडले की दाब वाढतो. भावकीतल्या बांधाच्या भांडणासारखेच हे. सबब गोळी रोज, मीठ नावापुरते, पापड-लोणचे बंद, अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही, आणि रक्तात पोटॅशियम वाढलेले असल्यामुळे शहाळेही वर्ज्य. अर्जदार हे सर्व पाळतो. पत्नी रतनबाई त्याच्याकडून पाळून घेते, हे म्हणणे अधिक खरे.

२. गावात मात्र या विषयातले तज्ज्ञ उदंड आहेत. “मिठाबिगर अंगात बळ कुटनं यायचं?” असे एक म्हणतो. दुसरा सैंधवाची पुडी आणतो, जणू सैंधव म्हणजे मीठ नव्हेच. तिसऱ्याने शहरातून ‘दाबवाल्यांचे खास मीठ’ आणले. डॉक्टरांनी पाकिटामागचा मजकूर वाचला, त्यात पोटॅशियमच निघाले, आणि त्यांनी ते पाकीट अर्जदारासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकले. आणणारा अजून रुसलेला आहे. येथवर अर्जदाराची तक्रार नाही. फुकटचा सल्ला अंगाला लावून घेतला नाही की बाधत नाही.

३. खरे प्रकरण पुढे आहे. अर्जदाराचा मुलगा आदिनाथ याचे लग्न उर्से येथील कैलास घारे यांची कन्या सृष्टी हिच्याशी ठरत आले होते. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत, पत्रिकेची कटकट नाही, सगळे सुरळीत. घाऱ्यांनी बैठकीचे जेवण ठेवले. मटणाचा रस्सा, बोंबलाची चटणी, पापड, कुरडई, आणि रीतीप्रमाणे ताटात सर्वांत आधी वाढलेली मिठाची चिमूट. अर्जदाराने ती चिमूट बोटाने हळूच ताटाबाहेर सारली. एवढ्यावर भागले असते. पण रतनबाईने पिशवीतून डबा काढला आणि अर्जदाराच्या ताटात अळणी दुधी वाढला.

अख्खी पंगत त्या डब्याकडे पाहू लागली. मुलीची आत्या अनिताबाई वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, “सोयरं जेवायला आलं ते डबा घिऊन! आमी काय इख घालनार व्हतो व्हय?” अर्जदाराने आजार सांगितला. त्यावर पंगतीतून उत्तर आले की, दाब तर सगळ्यांनाच असतो, एक दिवसानं काय होतंय. हात धुवून होईस्तोवर बोलणी थंडावली. आठवड्याने निरोप आला: “आमचं अन्न ज्यांना चालत न्हाई, त्यांच्यात आमची पोरगी कशी नांदायची?”  आदिनाथ नुसता जेवायचा बंद झाला, आणि ते अर्जदारास शिव्यांपेक्षा जास्त लागले.

४. त्यानंतर अर्जदार आपल्या दवाखान्यात दाखला मागण्यास आला. कारकून साहेबांनी सांगितले की जन्माचा दाखला आहे, अपंगत्वाचा आहे, धडधाकट असल्याचाही आहे, परंतु अळणी जेवणाचा दाखला शासनाने अद्याप काढलेला नाही. हे सांगताना त्यांच्या हातात वडापाव व वर तळलेली मिरची होती. मिरचीला मीठ लावलेले होते. अर्जदाराचे त्याबद्दल काही म्हणणे नाही. फलक त्यांच्या डोक्यामागे असल्यामुळे त्यांना तो दिसत नसावा.

५. दाखला नाही म्हटल्यावर अर्जदार नाइलाजाने पुन्हा उर्स्यास गेला आणि जेवला. मीठ खाल्ले, पापड खाल्ला, रस्सा दोनदा मागून घेतला, चटणीचे कौतुक केले. शेजारी बसलेले कैलास घारेही घासाला घास लावून जेवले. अनिताबाई प्रसन्न झाल्या, सोयरीक पुन्हा जुळली. परतताना अर्जदाराचे डोके फुटायला आले, म्हणून त्याने रस्त्यावरच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी घेऊन गिळली. ती नेमकी मूत्रपिंडाला नको असलेली निघाली. सकाळी तोंड सुजले, पाय चपलेत मावेनात. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी दाब पाहिला आणि आधी रतनबाईला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, “असंच आणखी एक जेवण जेवलात, तर पुढचं डायलिसिसच्या खाटेवर जेवाल.”

६. अर्जदार घरी पडून असताना कैलास घारे भेटीस आले. आजाऱ्याकडे मोकळ्या हाताने जाऊ नये, म्हणून त्यांनी दोन शहाळी आणली होती. अर्जदारास चालत नाही, तर पाहुण्यांना तरी द्यावे, म्हणून रतनबाईने शहाळे फोडून त्यांच्यापुढे ठेवले. ते म्हणाले, “आजाऱ्याला आनलंय, त्यांनाच द्या.” अर्जदार म्हणाला, “आधी तुमी घ्या.” शहाळे दोघांत इकडून तिकडे बराच वेळ सरकत राहिले. शेवटी रतनबाईच करवादली, “दोघांनाबी नगं आसंल तर म्हशीला पाजते!”

तेव्हा कैलास घारे खाली मान घालून म्हणाले, “वैनी, मलाबी तेच हाय. दाब बी आन किडनी बी.” त्या दिवशी त्यांनी रस्सा का खाल्ला, असे विचारता म्हणाले, “पाव्हनं रस्सा मागून मागून खात्यात आन यजमान अळणी जेवतोय, आसं दिसलं आस्तं तर आत्याबाईनं घर डोक्यावर घेतलं आस्तं.” त्यांच्या सुजलेल्या पायावर मोज्याच्या काठाचा खोल वळ होता. अर्जदार त्यांच्यासाठी जेवला आणि ते अर्जदारासाठी जेवले. अर्जदारास प्रथम हसू आले. नंतर भीती वाटली, आणि ती अद्याप गेलेली नाही.

७. घाऱ्यांनी शपथ घातली आहे की लग्न होईस्तोवर हे कोणास कळू नये. “बापाला रोग हाय म्हनलं की लोक पोरीत खोट काढत्यात,” असे त्यांचे म्हणणे आहे, आणि मावळात ते खोटे नाही. अर्जदाराने शब्द दिला आहे. तरी मागील परिच्छेद वाचून झाल्यावर साहेबांनी तो विसरावा, ही विनंती.

८. साखरपुडा येत्या रविवारी आहे. दोन्ही व्याह्यांनी शेजारी बसून एकमेकांना पहिला घास भरवल्याशिवाय आमच्याकडे पंगत सुरू होत नाही. वाढायला अनिताबाई आहेत. तरी दाखला दोन प्रतींत मिळावा. एकीवर अर्जदाराचे नाव घालावे, दुसरीवर जागा कोरी सोडावी. ती कोणी भरायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. शक्य तर साहेबांनी स्वतः येऊन दाखला पंगतीत मोठ्याने वाचावा. आमच्याकडे डॉक्टरचे कोणी ऐकत नाही, पण शिक्क्याचे ऐकतात. आपण न आल्यास रविवारी दोन शहाणी माणसे मांडीला मांडी लावून बसतील, आग्रह करकरून एकमेकांना घास भरवतील, आणि अख्खी पंगत कौतुकाने म्हणेल, व्याही असावेत तर असे.

कळावे, त्वरा व्हावी.

आपला अळणी व आज्ञाधारक,
भिमाजी सखाराम पडवळ
(सही)

ठिकाण: कार्ले
दिनांक: १८ मार्च २०२५

सोबत: १) लोणावळ्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची छायाप्रत.
२) रक्त व लघवी तपासणीचा अहवाल.
३) साखरपुड्याचे निमंत्रण, सहकुटुंब. साहेबांसाठी जेवणात मीठ वेगळे ठेवण्यात येईल.