बाईच्या आवाजातले रिकामे तुकडे

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि परवा तुम्ही माझ्या स्पीकरमधून बोललात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

तुम्ही दवाखान्यासाठी काढलेल्या संस्थेच्या कामाला इतकी वर्षं झाली म्हणून गावात मोठा कार्यक्रम होता. मांडव माझा, साउंड माझं. संस्थेने नवा भोंगा घेतला तेव्हा जुना भोंगा आणि बॅटरी तुम्ही मला देऊन टाकलीत, त्यावर मी हे सगळं उभं केलं. आज गडचिरोलीत लग्न असो, जयंती असो, निवडणुकीची सभा असो, लोक आधी मला फोन करतात. सगळ्या पक्षांचे पुढारी माझ्या माईकवर बोलून गेले, पण बोलून झाल्यावर समोरच्याचं ऐकायला थांबलेला अजून एकही पाहिला नाही. ती सवय फक्त तुमची.

दुपारी मांडवात खुर्च्या लागत होत्या. संस्थेचे नवे साहेब आले आणि माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवून म्हणाले, "आज बाई स्वतः बोलणार आहेत." तुमच्या सभांच्या जुन्या कॅसेटी त्यांनी नागपूरच्या कॉम्प्युटरवाल्या मुलांना दिल्या होत्या. त्या मुलांनी त्यातून तुमचा आवाज तयार केला. आता काहीही लिहून द्या, तो तुमच्या आवाजात बोलतो. साहेबांनी लिहून दिलं होतं ते एवढंच, की तलावाकाठचा दवाखाना बंद करून तालुक्याच्या गावी न्यायचा आहे, गावाने आनंदाने हो म्हणावं. कार्यक्रम संपला की लगेच ग्रामसभेत हात वर करून घ्यायचे. साहेब माणूस वाईट नाही. जंगलात डॉक्टर टिकत नाही, देणगीदारांना रस्त्यावरची इमारत हवी, त्यांचीही अडचण खरी आहे. मी विचारलं, "साहेब, तुमचं कोणी ऐकत नाही म्हणून बाईंना उठवलं का?" साहेब हसले. "शेठ, तुम्ही फार चलाख."

टेस्टिंगला मी बटण दाबलं. 'माझ्या गावकऱ्यांनो,' तुम्ही म्हणालात. माझ्या हातातली वायर खाली पडली. आवाज तलावावरून जाऊन पलीकडच्या मोहाच्या झाडांना लागून परत आला, तेव्हा घाटावर धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर डोक्यावर घेतला. खुर्च्या लावणारे जिथल्या तिथे थांबले. तुम्ही बोलतच होता. सूर तुमचा, 'दवाखाना' म्हणताना मधेच खाली उतरणारा स्वर तुमचा. पण माझ्या कानाला काहीतरी टोचत होतं. मग लक्षात आलं. बाई, तुम्ही श्वासच घेत नव्हता. एवढी वाक्यं गेली आणि एकदाही श्वास नाही.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या कनातीतून मावशी आली. दवाखान्यात भात रांधणारी आणि तुमचं बोलणं गोंडीत सांगणारी तीच मावशी, आता काठी घेऊन चालते. हाताला बेसन तसंच. ती सरळ स्टेजवर चढली आणि रिकाम्या माईकच्या डाव्या बाजूला, तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली. एक वाक्य संपलं तसं तिने तोंड उघडलं, पण तुम्ही पुढचं सुरू केलंत. तिने परत उघडलं. परत तेच. मग ती माझ्याकडे वळली. "बाई थांबून नाई राह्यल्या रे. आवाज बाईचाच होय. पन अंदर बाई नाई."

मला पहिली सभा आठवली. मी नवा, जीपच्या टपावर भोंगा बांधून खाली बसलोय. तुम्ही पुण्याकडच्या मराठीत एक वाक्य बोलता आणि गप्प होता. मावशी ते गोंडीत सांगते, लोक पुटपुटतात, कोणी म्हातारं काहीतरी विचारतं, तरी तुम्ही गप्पच. मला वाटतं माईक गेला. मी झडप घालून ओरडतो, "हॅलो, हॅलो, माईक चेक!" सगळी सभा हसते. तुम्ही हसत नाही. "माईक चालू आहे," तुम्ही म्हणता, "आता त्यांची पाळी आहे. तू हात खाली ठेव." त्यानंतर गावाचं बोलणं संपेपर्यंत मी हात मांडीवर दाबून बसलोय. ते संपल्यावर तुम्ही नाकातून हलका श्वास घेता, 'हं' म्हणता, आणि मगच पुढचं वाक्य. त्या 'हं'वरून मी ओळखायचो, की गावाचं म्हणणं आता तुमच्यापर्यंत पोचलं.

मी साहेबांना विचारलं, "कॅसेटमध्ये मावशीचाही आवाज असेल ना? लोकांचा?" साहेब कौतुकाने म्हणाले, "ते मधले रिकामे तुकडे पोरांनी काढून टाकले. म्हणून तर आवाज इतका स्वच्छ आला."

मी वाद घातला नाही. धंद्यात वाद घालून चालत नाही. एवढंच म्हणालो, "साहेब, इथे अर्ध्या लोकांना गोंडीच नीट कळते. मावशीला दुसरा माईक देतो, मी मधे मधे थांबवत जातो." साहेबांना ते पटलं.

संध्याकाळी मांडव भरला. तुमच्या फोटोला हार घातला होता. तुम्ही बोलायला लागलात तसे लोकांनी हात जोडले. जोडलेले हात वर करायला कितीसा वेळ लागतो? एक वाक्य झालं, मी थांबवलं. मावशीने गोंडी केली. असं करत करत 'दवाखाना तालुक्याला जाऊ द्या, ही माझी इच्छा आहे' इथवर आलो. मी थांबवलं, आवाजाचं बटण पार खाली ओढलं, पेनड्राइव्ह काढून मुठीत धरला. मावशीने ते वाक्य सांगितलं. लोक गप्प. मावशीही गप्प, तुमच्यासारखी. साहेब मला खुणा करत होते, पुढे चला. मी हात मांडीवर ठेवला.

मग एक बाई उठून गोंडीत बोलली. मावशीने मराठी केलं, "हे म्हनते, माह्या सुनेच्या पोटात दुखून राह्यलं तं रात्री तालुक्याले कोन नेईन?" मागून साप चावून याच दवाखान्यात वाचलेला एक म्हातारा उठला. त्याला भाषांतर नको होतं. फोटोकडे बोट करून म्हणाला, "बाई, तुमी तं मेल्या. तुमाले आता दवाखाना नाई लागत. आमी जित्ते आहो न!"

मांडव हसला. लोक तुमच्याशी भांडत होते, बाई, पूर्वीसारखे. एकेक जण उठून बोलला. हसू विरलं, बोलणं संपलं, आणि सगळं शांत झालं. तेव्हा डाव्या स्पीकरमधून आधी नाकातला श्वास आला, आणि मग 'हं'.

बटण खाली होतं. पेनड्राइव्ह माझ्या मुठीत घामाने ओला झाला होता. कोणीच दचकलं नाही. फक्त मावशीने स्पीकरकडे पाहून मान हलवली, माईक खाली ठेवला आणि भात पाहायला निघून गेली.

साहेबांनी हात वर करायला सांगितलंच नाही. 'विचार करू' म्हणाले. दवाखान्याचं दार अजून सकाळी उघडतं, पुढचं कोणाला माहीत. पंगतीत मी मावशीजवळ जाऊन हळूच विचारलं, "तू ऐकलं का?" ती वांग्याची भाजी वाढत होती. "ऐकलं न. काऊन, तुले बाईची सवय मालूम नाई का?"

मी साउंडवाला आहे. अर्थिंग, ढिली वायर, शेजारच्या मोबाइलची खरखर, गिऱ्हाइकाला सांगायला माझ्याकडे खूप कारणं असतात. स्वतःला सांगायला एकही नाही. तो डावा स्पीकर मी आता भाड्याने देत नाही. गोदामात कापड टाकून ठेवलाय, वायर काढून. हे पत्र पोस्टात टाकण्यासारखं नाहीच, म्हणून वाटलं होतं, दुपारी तिथे कोणी नसताना त्याच्यासमोर बसून वाचून दाखवावं. दोनदा खुर्ची नेली, दोनदा परत आणली. वाचायला काही वाटत नाही हो बाई. वाचून झाल्यावर थांबावं लागेल, त्याची भीती वाटते.