दंडाचा पट्टा

टिटवाळा, २ फेब्रुवारी २०२५

चि. मेघनास सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

फोनवर तू नुसती हो-हो करतेस आणि मागून सासूबाईंचा आवाज येतो, म्हणून पत्र. विहीणबाई नर्स होत्या, मान्य. पण तुझा बीपी ‘हार्मोनमुळे’ चढलाय हे त्यांचं म्हणणं चूक आहे. बीपी चढवतात ती हार्मोन नव्हेत, हार्मोनसारखी द्रव्यं आहेत. जिथे तयार होतात तिथेच काम करतात. प्लेटलेटमधून थ्रॉम्बॉक्सेन येतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. वाहिन्यांच्या अस्तरातून प्रोस्टासायक्लिन येतं, ते सैल सोडतं. आवळणारं वरचढ झालं की बीपी चढतो. डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिनची बारीक गोळी त्यालाच रोखायला आहे, ती चुकवू नकोस. हे मी कॉलेजात न जाता वाचलंय.

आता मुद्दा. परवा तू आलेलीस तेव्हा माझ्या यंत्रावर मोजलं, पुन्हा मोजलं. नॉर्मल. बाळकुमला सासरी मात्र रोज चढलेला. दोष कुठल्या घरात आहे, हे माझ्यासारख्या वायरमनला कळतं. पहिलं बाळंतपण माहेरीच होईल. खोली रंगवलीय. तुझी आई म्हणते, पोरीने सासूचं कौतुक केलेलं तुम्हाला सोसत नाही. करू दे की, पण इथे येऊन.

तुझ्यावर पहिला हक्क असलेला,
बाबा

बाळकुम, ९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम.

तुमचा आकडा बघून मी गोळ्या-कपड्यांसकट बॅग भरलेली. सासूबाईंनी फक्त तुमच्या यंत्राचा फोटो मागितला. तो डॉक्टरांना दाखवला. पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा आहे, बाबा. बारीक दंडावर मोठा पट्टा बीपी कमी दाखवतो. त्या दिवशीही माझा चढलेलाच असणार. आता लघवीत प्रोटीनही आलंय. हॉस्पिटलपासून लांब जायचं नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

तुमचं थ्रॉम्बॉक्सेनही सांगितलं. बरोबर आहे म्हणाल्या, पण तेवढंच कारण नाही, गडबड वारेपासून, म्हणजे प्लॅसेंटापासून, सुरू होते. मला मात्र एक सांगा, आवळणारं आणि सैल सोडणारं, यातले तुम्ही कोण? तुमचा जावई सम्यक हसून हसून पडला.

मी घाबरलेय, म्हणून चेष्टा करतेय. लोभ आहे तो राहू द्या, जरा सैल धरा.

तुमची,
मेघना

टिटवाळा, १३ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई वैशालीताईंना सप्रेम जयभीम.

मेघना तुमच्याकडेच राहील. यंत्र ठीक होतं, पट्ट्याचं माप मी पाहायला हवं होतं. लहान पट्टा आणलाय, सोबत पाठवतो. हार्मोन हा शब्द मात्र चूकच.

मेघनाच्या आईने, कांताने, स्वतःच्या जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलंय. तुमची शिवून, धुऊन, घडी घालून तयार असतील, ठाऊक आहे. तरी बाळाला पहिलं हेच गुंडाळावं.

आणखी एक. पोरगी घाबरली की बोलत सुटते. तेव्हा समजूत घालू नये, कानामागे हलके बोटं फिरवावीत, गप्प होते. हे तुम्हाला ठाऊक नसेल, अशी माझी समजूत आहे. असेल, तर कृपया कळवू नये.

आपल्या घरचा लोभ तिच्यावर ठेवणे, उरला तर आमच्यावर.

आपला,
कुंडलिक