उरलेल्या चिंध्या

३ तारीख
नवी नोकरी लागली. ताईने बजावलंय, रोज चार ओळी लिही, नाहीतर आहेत ती अक्षरंही विसरशील. माझं बूड कुठे टेकत नाही, पण इथे कामच चालण्याचं. लोकांना जंगलातून, दरीतून न्यायचं, एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी घळीतून बाहेर. घळ म्हणजे दोन कड्यांमधली चिंचोळी फट, खाली पाणी. भिंतीवर दोर टांगलेत, जमिनीवर सॅका मांडल्यात. मुख्य वाटाड्याला सगळे उस्ताद म्हणतात. स्वयंपाकाच्या मावशींनी विचारलं, पोरा, जेवतोस की नुसतं ताट पुसतोस. मस्त आहे इथे.

५ तारीख
दर वर्षी पुराने घळीतली वाट बदलते. म्हणून सहलीआधी सगळ्यात नवख्याने एकट्याने जाऊन वाट बांधायची. वळणावळणाला चिंधी, शेवटची चिंधी घळ संपते तिथे. उस्ताद म्हणाले, जुन्याची भीती मेलेली असते, त्याला धोका दिसत नाही. नवखा गेला तिथून कुणीही जाईल. मावशींनी फुलाफुलांची जुनी चादर टराटरा फाडून दिली. उस्तादांनी नकाशा पुढे करून विचारलं, कळलं का. मी मान डोलावली. मला तर नुसती गांडुळं दिसली.

७ तारीख
जाऊन आलो. जंगल सोपं. घळीत शिरलो, आभाळ बोटाएवढं झालं, पाणी छातीला लागलं. पुढे डोहापाशी दोन फाटे. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही, खोटं कशाला लिहू. पाय उचलेना, एवढंच. उरलेल्या चिंध्या दगडाला गुंडाळून डोहात सोडल्या आणि परतलो. सांगितलं, टोकापर्यंत बांधल्या. उस्तादांनी पाठीवर थाप मारली, पठ्ठ्या म्हणाले. मावशींनी आग्रहाने वाढलं. घास फिरत राहिला तोंडात.

८ तारीख
उस्ताद पाणी बघायला दुर्बीण घेऊन कड्यावर गेले होते. खुशीत आले. डाव्या फाट्यात पार आतपर्यंत चिंध्या दिसल्या म्हणे. एवढ्या उंच कशाला बांधल्यास, उंटावर बसून गेला होतास का, म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.
मी त्या फाट्यात पाऊल टाकलेलं नाही.

९ तारीख
सहलीला एक मास्तर आणि त्यांची बायको आले. बाईंना पाण्याची धास्ती. मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, हा एकटा पार जाऊन आलाय. बाई म्हणाल्या, भाऊ, तुम्ही जाऊन आलात ना, मग मी येते. तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्यांची सॅक उचलून आत ठेवली.
सकाळी माझ्या सॅकेला फुलांची चिंधी बांधलेली होती. ओली. गाठ उलटी, बाबांनी शिकवलेली. इथे तशी मीच मारतो. खिशात लपवली.

१० तारीख
निघालो. उस्तादांचा गुडघा धरलाय, ते शेवटी. पुढे मी. दरीत मुक्काम. आतापर्यंतच्या चिंध्या माझ्याच. मास्तर चहा पिताना म्हणाले, शाळेत नसेल शिकला, पण छाती आहे पोराला. अजून वेळ होती. मी भांडी घासत बसलो.

११ तारीख
डोह. डाव्या फाट्यावर चिंधी, डोक्याच्या वर. गाठ उलटी. सगळे खडकावर बसून खातायत. उस्ताद म्हणतात, चल, दाखव. बाई माझ्याच मागोमाग चालतात, पाऊल ठेवीन तिथे पाऊल —

आत आलोय, दम खायला कपारीवर थांबलोय. फुलांच्या चिंध्या संपल्या. आता निळ्या आहेत. माझा सदरा निळा. कड चाचपली. फाटलेली. रात्री अंगावरच होता —

सांगून टाकलं. मी इथे आलोच नव्हतो म्हणालो. मास्तर हसले, थट्टा वाटली. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी मागे बघितलं. मागे पाणी चढलंय, आलो ती फट दिसत नाही. उस्तादांनी एक ठेवून दिली असती तर बरं —

त्यांच्याकडे बघवत नाही. मान खाली घालून लिहितोय. लिहितोय तोवर वर बघावं लागणार नाही. बाई खांदा हलवतायत. विचारतायत, भाऊ, तुमच्यासारखाच सदरा घालून पुढे उभाय तो कोण, एवढा उंच. हात करून बोलावतोय म्हणे. आणि आता तुमची वही बघायला खाली वाक —