जत्रेचे ठसे

पालघर,
ता. १२ मार्च १९६५

तीर्थरूप गोमाकाकांस पंढरीचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे ठीक. मासवणला थोरल्या लेकीकडे तुमचं मन रमलं का? छापखाना चालू आहे. यंत्र कुरकुरतं, आणि त्याच्याहून जास्त मी कुरकुरतो, असं तुमची सूनबाई उषा म्हणते.

तुम्ही कोरून दिलेले अक्षरांचे लाकडी ठसे अजून टिकून आहेत. तसेच जाड, गोलमटोल, फक्त कडा झिजल्यात. शाई सारखी धरत नाही, मधे पांढरे ओरखडे उमटतात. बारा वर्षं जत्रेची पत्रकं त्यांच्यावरच छापली. किनाऱ्यावर ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती अक्षरं दिसली की जत्रा आली हे कळतं. तुम्हाला केवढा अभिमान होता त्याचा!

काका, इकडचं तिकडचं पुरे.

तारापूरकडच्या जमिनी अणुवीज केंद्रासाठी जाणार हे दोन वर्षं आपण ऐकतोच आहोत. माघात एका कचेरीचं काम आलं. मजकूर असा: बावीस फेब्रुवारीच्या आत घरं उतरवून लाकूडफाटा न्यावा, नंतर पाडली जातील. लांबून दिसेल असं अक्षर हवं होतं. माझ्याकडे एवढं मोठं अक्षर तुमचंच.

चिकटवायलाही मीच गेलो, सायकलला खळीचा डबा लटकवून. धाकट्या शकूच्या वाडीत देवळाच्या भिंतीवर पत्रक लावत होतो, तर ती तांब्या घेऊन धावत आली. अक्षरांवरून हात फिरवून म्हणाली, "बाबांची अक्षरा हायेत! पंढरीदादा, औंदा जत्रा कवा हाय?"

मी म्हणालो, "बावीस तारखेला."

एवढंच बोललो. ऊन रणरणत होतं, चार वाड्या बाकी होत्या, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की माझी जीभ रेटेना. वाटलं, दुसरं कोणी वाचून सांगेल. बाकीच्या वाड्यांत वाचणारं कोणी ना कोणी होतं. तिथे नव्हतं.

बावीसला माणसं आली तेव्हा शकू नवं लुगडं नेसून, पोरांना न्हाऊ घालून ओटीवर बसली होती. भांडीकुंडी काढण्यापुरता वेळ मिळाला. तिच्या लग्नात तुम्ही उभं केलेलं सागाचं घर, ते कोरीव दार, सगळं मोडलं. माणसं सुखरूप आहेत.

काल माहीमला तिच्या नणंदेच्या पडवीत जाऊन सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाबांना नको सांगू. घर गेला ता सोसंल त्यांना. त्यांच्या अक्षरांनी गेला, ता नाय सोसायचा."

तरी लिहितो आहे. आज ना उद्या कोणीतरी सांगेलच, आणि मग तुम्ही आपल्या हातांना दोष देत बसाल. तो दोष त्यांचा नाही. तुमच्या ठशांनी खरं तेच छापलं होतं. खोटं मी बोललो.

यंदाच्या जत्रेची पत्रकं अजून जुळवलेली नाहीत. ठशांना हात लावायचं धाडस होत नाही. पेटी पुसून ठेवली आहे. तुम्ही म्हणाल तर आणून देतो, पण मग तुमच्या समोर उभं राहावं लागेल.

शकू अजूनही ज्याला दादा म्हणते तो,
पंढरी