चार लाख किप, आजच्या भावाने

तीर्थस्वरूप ताईस, सावनखेतहून धाकट्या बुनथवीचा हात जोडून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? मुकदाहानच्या त्या खानावळीत तुला अजून उभ्यानेच भात शिजवायला लावतात का? मालकिणीला सांग, माझा सख्खा भाऊ नदीच्या अलीकडे पैसे बदलायचं दुकान चालवतो, थाई बाटचे आमचे लाओ किप करून हवे असतील तर तिला भाव चांगला लावील. (तिला किप कशाला हवे असणार म्हणा. हल्ली लोक किप घेऊन येतात ते त्यातून एकदाचे सुटायला.) इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं विचारशील तर परवापासून माझी मती गुंग झाली आहे. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहतं आणि मी त्याच्याकडे नुसता बघत बसतो.

परवा तुझ्या फोनसायसाठी देज ठरवायला गेलो होतो. भावोजी असते तर तेच गेले असते, पण आता मामा म्हणून हे माझ्याकडे आलं. मणिवान मुलगी सोन्यासारखी आहे, फोनसाय तिच्यामागे जेवणखाण विसरलाय, आणि भिक्षूंचा वर्षावास तोंडावर आलाय. तो एकदा लागला की तीन महिने लग्न नाही, आणि या तीन महिन्यांत किप कुठे जाऊन पडेल ते सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्यामुळे काय ते बैठकीतच उरकून टाकायचं असं ठरवूनच मी चटईवर बसलो. मुलीचे वडील काम्फू घसा खाकरून म्हणाले, आमच्या घराची रीत आहे, आईला आलं तेवढंच लेकीला, कमी नाही, जास्त नाही. हिच्या आईला चार लाख किप आले होते.

ताई, मला आधी वाटलं, माझे कान वाजतायत. चार लाख किप. आजच्या भावाने सातशे बाटसुद्धा होत नाहीत. एवढ्यात तर तुझ्या मालकिणीकडे चार माणसं धड जेवत नाहीत. मी मान्य म्हणालो, तांदळाच्या दारूचा पेला एका दमात रिकामा केला, काम्फूंनीही केला. दोन्हीकडचे पेले रिकामे झाले की शब्द पक्का, हे तुला मी सांगायला नको. इथे गप्प बसलो असतो तर आज तुला लग्नाचं आमंत्रण लिहीत असतो. पण वीस-पंचवीस वर्षं भाव सांगून सांगून जिभेला वळण पडलेलं. (आमच्या हिच्या, वन्नालीच्या मते वळण नव्हे, खाज.) स्वयंपाकघरातून मुलीची आई सेंगदाव डोकावली आणि साधेपणाने विचारलं, अहो मामा, म्हणजे पलीकडचे बाट किती झाले हो? आणि मी हसत हसत सांगितलं.

ती हसली नाही. पदराला हात पुसत बाहेर आली आणि चटईच्या कडेला बसली. बिचारी आजवर चार लाख, चार लाख म्हणून गावभर ताठ मानेने मिरवत आलेली, आणि मी तिला एका जेवणाच्या बिलात बसवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सावरायला म्हणून घाईघाईने बोललो की वहिनी, तसं नव्हे, तुमचं लग्न शहाण्णवचं, तेव्हा एका बाटला अडतीस किप पडायचे, आज सहाशे पडतात, तेव्हाचे तुमचे चार लाख म्हणजे साडेदहा हजार बाट. बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी आपल्याच बाजूने बसून आपलंच देज पंधरापट केलंय. फोनसायने माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मी तुला लिहून कळवू शकत नाही.

पण खरा धक्का पुढेच. सेंगदाव म्हणाली, "बाट नको नि किप नको. त्या चार लाखांत माझ्या बापाने दोन म्हशी घेतल्या होत्या. आईला दोन म्हशी, तर लेकीला दोन म्हशी." काम्फू म्हणाले, अगं, पेले रिकामे झाले. ती म्हणाली, तुमचे झाले, मी कुठे प्यायले? आणि पिशवीत दोन लुगडी भरून बाहेर पडली. तिच्या हातचा आशीर्वादाचा दोरा मनगटावर बांधल्याशिवाय लेक लग्नाला उभी राहायची नाही, त्यामुळे सगळंच अडलं. गेली कुठे म्हणशील तर माझ्या घरी. दोन दिवस ती आणि माझी वन्नाली चुलीपाशी बसून चिकट भात खातात आणि कुजबुजतात, मी आत गेलो की गप्प होतात. मला जे मिळतं ते गार मिळतं.

तू काळजी करू नकोस, मी सगळं निस्तरतो. तब्येतीला जप.

तुझा,
बुनथवी

ता. क. निस्तरतो म्हणजे, तू पैसे पाठवलेस की निस्तरतो. म्हशीचा भाव बाजारात जाऊन विचारला आणि तिथेच खाली बसलो. पन्नास हजार बाट लागतील, जोडीचे. कृपा करून बाटच पाठव.

आणखी ता. क. वन्सं, मी वन्नाली. हे बाजूला गेलेत म्हणून लिहिते. माझं देज ठरलं तेव्हा त्यात एक म्हैस येत होती. मग ह्यांनी, चांगला दिवस नाही, चांगला दिवस नाही, करत लग्न वर्षावासाच्या पलीकडे नेलं, आणि तेवढ्यात किप निम्म्यावर आला. ठरलेला आकडा मात्र ह्यांनी शेवटच्या किपापर्यंत चोख मोजून दिला. माझ्या बापाला इतकी वर्षं वाटत आलंय की जावई शब्दाचा पक्का. सेंगदाववहिनींनी परवा मला हिशेब समजावून सांगितला. त्या दोरा बांधायला तयार आहेत, मीही लग्नाचा स्वयंपाक करीन. तेवढे अडीच म्हशींचे पाठवा.