पडल्याची नोंद

५ मे
आज पुर्वोकर्तो शहरातल्या रुग्णालयात रुजू झाले. पहिली नोकरी! गुणवत्ता विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट, मी आणि प्रमुख विदारती. त्यांना सगळे बू म्हणतात, आईला म्हणावं तसं. सकाळी सगळ्यांनी रांगेत उभं राहून मुठी उंचावत रुग्णालयाच्या नावाच्या घोषणा दिल्या. माझाच आवाज बारीक. मग गरम मेंदोआनची भजी, सोबत हिरव्या मिरच्या. बू म्हणाल्या, लाजतेस काय गं, खा पोटभर, इथे सगळं घरचंच. चार वर्षांत इथे एकही रुग्ण पडलेला नाही. जूनमध्ये मानांकनाचे तपासनीस येतील. पाचही तारे पक्के. माझी आई गावची सुईण. अक्षरं तिनेच गिरवून घेतली, आणि पाहिलं ते त्याच दिवशी लिहायचं, हेही तिनेच शिकवलं. म्हणून ही वही.

९ मे
सुरक्षिततेचे सहा नियम झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. खरंच कोणीच कसं पडत नाही, असं मी परिचारिकांना विचारलं. सगळ्या खिदळल्या. म्हणाल्या, अगं बाई, इथे पडायला बूंची परवानगी लागते! मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसणं मनाला लागून राहिलं.

१३ मे
टोफू विकणारे सुमार्नो आजोबा उद्या घरी जाणार होते. आज दुपारी न्हाणीघराच्या दारात, माझ्यादेखत पडले. कपाळावर टेंगूळ. उठून म्हणाले, पोरी, फरशीला लागलं नाही ना, बघ जरा. मी फॉर्म भरला: वेळ, जागा, ओली फरशी. बू रागावल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, अक्षर छान आहे हो. पण पडल्याची नोंद रुग्ण घरी जाताना करायची. तोवर तो निरीक्षणाखाली.

१५ मे
आजोबांची मुलगी आली होती. अजून निरीक्षणाखाली, थोडं थांबा, असं बूंनी सांगितलं. ती मान लववून बरं म्हणाली आणि परत गेली. मी शेजारीच उभी होते. मोठ्यांना उलट कसं बोलायचं?

१९ मे
आजोबांना शोधत मागच्या इमारतीत गेले. लांबच लांब कक्ष. एकवीस खाटा, प्रत्येक मनगटावर पिवळी पट्टी, पडण्याचा धोका असलेल्यांची. आजोबांचं टेंगूळ बसलंय. बाकीच्यांचे केस कमरेपर्यंत. शेवटच्या खाटेवर माझ्यासारख्याच गणवेशातली बाई. गुणवत्ता विभाग, म्हणाली. तिनेही फॉर्म भरला होता. दाराला कुलूप नाही, मग गेला का नाहीत, मी विचारलं. म्हणाली, बू ‘नाही’ असं कधीच म्हणाल्या नाहीत. फक्त थोडं थांब म्हणाल्या.

२० मे
आजोबांना हात धरून फाटकापर्यंत आणलं. सगळे हसत आडवे आले. कुणी पाणी दिलं, कुणी खुर्ची. एवढी काय घाई, आजोबा, सासरी जायचंय का? आजोबा बसले. मग मीही —

२१ मे
बू म्हणाल्या, चेहरा किती उतरलाय गं, चक्कर येऊन पडशील. पिवळी पट्टी. नको म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, आभारी आहे.
बाविसावी खाट.

२८ मे
पाय दारापर्यंत जातात. मग कुणीतरी प्रेमानं —
तपासनीस येणार. एकच वाक्य घोकतेय. आम्हाला घरी सोडा.

२ जून
आले. तरुण आहेत. बू शेजारी. काही तक्रार, असं विचारून पुढे निघाले, आणि मी ओरडले — खरंच ओरडले — आम्हाला घरी सोडा! ते गर्रकन वळले. पाय खाटेत अडकला. पडले.
सगळे धावलेत. पाणी. खुर्ची. बूंच्या हातात पट्टी —
नाही म्हणा. साहेब, नाही म्हणा —
ते ओशाळं हसतायत. मनगट पुढे कर—